धरण भरले, नळ कोरडा : शहराच्या सेवा नेमक्या कोणाच्या मालकीच्या?

पावसाळ्याच्या अखेरीस वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर 'उजनी शंभर टक्के' असा ठळक मथळा येतो आणि त्याच अंकाच्या आतल्या पानावर 'शहराचा पाणीपुरवठा एक दिवस उशिरा' अशी दोन ओळींची चौकट असते. सोलापूरकरांना या दोन्ही बातम्यांची इतकी सवय झाली आहे की त्या एकाच दिवशी खऱ्या कशा असू शकतात, असे आता फारसे कोणी विचारत नाही. विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते : 'महापालिकेला जमत नाही, कंपनीला देऊन टाका.' त्यावर दुसरा कोणी म्हणतो, 'पाणी विकायला काढता का?' आणि चर्चा तिथेच थांबते, कारण तोवर गल्लीत पाणी सुटलेले असते आणि प्रत्येकाला घरी पळायचे असते.

ही अर्धवट राहिलेली चर्चा पुढे नेण्यासाठी हा लेख आहे. पाणी, वीज, बस यांसारख्या सेवा शहराने स्वतःच्या मालकीच्या ठेवाव्यात का, ठेवल्या तर त्या स्वतः चालवाव्यात का, आणि या दोन गोष्टींत फरक काय, हे समजले तर वरच्या दोन्ही उत्तरांत काय अपुरे आहे ते दिसू लागते.

जाळ्याची सेवा आणि तिची मक्तेदारी

लक्ष्मी मंडईत एका भाजीवाल्याकडची मेथी महाग वाटली, तर आपण शेजारच्या पाटीकडे वळतो, आणि आपण वळू शकतो एवढ्याच भीतीने पहिल्याचा भाव आटोक्यात राहतो. नळाच्या बाबतीत मात्र असे वळता येत नाही. रस्त्याखालून एकदा जलवाहिनी टाकल्यावर तिच्या शेजारून दुसऱ्या पुरवठादाराने दुसरी जलवाहिनी टाकणे म्हणजे रस्ता दोनदा खणणे, टाक्या दोनदा बांधणे आणि तो सगळा दुप्पट खर्च त्याच ग्राहकांकडून वसूल करणे होय. ज्या धंद्यात दोन दुकानांपेक्षा एकच दुकान स्वस्त पडते, त्याला अर्थशास्त्रात नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. पाणी, सांडपाण्याची गटारे आणि विजेच्या तारा या तिन्ही सेवा त्या जातीच्या आहेत. बस काही प्रमाणात तशी आहे, कारण तिथे रिक्षा आणि दुचाकी हे पर्याय असतात.

मक्तेदारी एकदा अटळ आहे म्हटले, की बाजारातील स्पर्धा ग्राहकाचे रक्षण करील या आशेला फारसा अर्थ उरत नाही. मग ग्राहकाचे रक्षण करण्याचे दोनच मार्ग राहतात. एक तर त्या एकमेव दुकानाची मालकी ग्राहकांच्या, म्हणजे शहराच्या हाती असावी, किंवा दुकान कोणाचेही असले तरी त्याच्या भावावर आणि मालावर लक्ष ठेवणारा कोणी बाहेरचा असावा. विजेसाठी राज्यात असा बाहेरचा नियंत्रक आहे : महाराष्ट्र वीज नियामक आयोग. १९९९ पासून तो आयोग जनसुनावणी घेऊन दर ठरवतो. पाण्यासाठी २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, परंतु ते धरणातून ठोक पाणी उचलण्याचा दर ठरवते. आपल्या घरच्या नळाचा दर, वेळ आणि दाब यांवर देखरेख करणारी वेगळी संस्था नाही. तिथे महापालिकाच दुकानदार आहे आणि महापालिकाच तपासनीस आहे.

माग कोणाचा, विणणारा कोण

मालकी आणि कारभार यांतला फरक सोलापूरकरांना कोणी नव्याने शिकवायला नको, कारण यंत्रमागाच्या शेडमध्ये तो रोज दिसतो. कोणी स्वतःच्या मागावर स्वतःच्या पगारी कामगारांकडून टॉवेल विणून घेतो. कोणी माग आपलेच ठेवतो, पण विणण्याचे काम दुसऱ्याला मजुरीवर देतो. कोणी आखी शेड ठरावीक वर्षांसाठी भाड्याने देतो आणि महिन्याचे भाडे घेऊन बाजूला होतो. आणि कोणी कंटाळून माग विकूनच टाकतो.

शहराच्या सेवांमध्ये हेच चार प्रकार वेगवेगळ्या नावांनी येतात. महापालिकेचे पाणीपुरवठा खाते स्वतः पंप चालवते, स्वतःचे चावीवाले ठेवते आणि स्वतः पाणीपट्टी वसूल करते, हा पहिला प्रकार. जलशुद्धीकरण केंद्र किंवा पंपगृह चालवण्याचा ठेका देणे हा दुसरा. मालमत्ता आपल्या नावावर ठेवून एखाद्या भागातील पुरवठा, बिले आणि वसुली वीस-पंचवीस वर्षांसाठी कंपनीकडे सोपवणे हा तिसरा, आणि विजेत त्याला फ्रँचायझी म्हणतात. चौथा प्रकार म्हणजे खरीखुरी विक्री, जी आपल्याकडे पाण्याच्या बाबतीत जवळजवळ होतच नाही. 'पाणी विकायला काढले' असा आरोप बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकारावर होत असतो.

भाड्याच्या शेडचा एक धडा इथे लागू पडतो. करार संपायला वर्ष उरले असताना भाडेकरू मागाची झिजलेली शाफ्ट बदलत नाही. तो तारेने बांधून काम भागवतो, कारण नव्या शाफ्टचा फायदा पुढच्याला मिळणार असतो. जमिनीखालच्या जलवाहिन्यांचे आयुष्य पन्नास वर्षांचे असते आणि करार वीस-पंचवीस वर्षांचा. शेवटच्या पाच वर्षांत दुरुस्तीचे काय होणार, हे करारात आधीच स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते तारेने बांधले जाणार असे धरून चालावे.

सोलापुरात काय कोणाचे आहे

या शहराची पाण्याची गोष्ट लोकमालकीनेच सुरू होते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून तलाव खोदून घेतला अशी परंपरा आहे, आणि आजही गावाची ओळख त्या तलावानेच होते. नगरपालिका १८५२ मध्ये आली, एकरुख अर्थात हिप्परग्याचा तलाव त्याच शतकात बांधला गेला, आणि १ मे १९६४ रोजी नगरपालिकेची महापालिका झाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, तर बससेवा ऐच्छिक कर्तव्यांत मोडते. पाणी देणे टाळता येत नाही, बस मात्र बंद करता येते. सिटी बसची गेल्या काही दशकांत जी रया गेली, तिचे एक कारण या एका शब्दात आहे.

संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी अठरा विषय लिहून दिले. त्यांत पाणीपुरवठा आहे, रस्त्यावरचे दिवे आहेत, परंतु वीजपुरवठा नाही. त्यामुळे आपल्या गल्लीतला दिवा महापालिकेचा, त्यातून वाहणारी वीज महावितरणची आणि तिचे बिल पुन्हा महापालिकेच्या डोक्यावर, अशी रचना आहे.

पाण्याची साखळी याहून गुंतागुंतीची आहे. शहराला तीन वाटांनी पाणी येते : उजनीतून सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने पाकणीच्या शुद्धीकरण केंद्राकडे, भीमा नदीतून टाकळीमार्गे सोरेगावला, आणि हिप्परग्याहून भवानी पेठेला. पैकी उजनी धरण जलसंपदा विभागाचे आहे. टाकळीला पाणी हवे असेल, तर उजनीतून नदीत पाणी सोडून औज आणि चिंचपूरचे बंधारे भरून घ्यावे लागतात, आणि ते कधी सोडायचे हे महापालिका ठरवत नाही. पंप महापालिकेचे आहेत, पण ते ज्या विजेवर चालतात ती महावितरणची आहे. वीज काही तास गेली, की रिकामी झालेली जलवाहिनी पुन्हा भरून टाक्यांपर्यंत पाणी पोहोचायला बराच वेळ जातो आणि ठरावीक दिवसांआड पाणी सोडण्याच्या पुढच्या साऱ्या पाळ्या सरकतात. आतल्या पानावरच्या त्या दोन ओळींच्या चौकटीमागे बहुधा हेच असते.

म्हणजे 'पाणी महापालिकेचे' हे विधान अर्धेच खरे आहे. साठा एका मालकाचा, ऊर्जा दुसऱ्या मालकाची, आणि ग्राहकाच्या शिव्या मात्र तिसऱ्याच्या वाट्याला.

धरणात पाणी कमी पडते म्हणून पाळी आहे का?

थोडा हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. भुयारी गटार असलेल्या शहरात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी द्यावे असा केंद्र सरकारचा मापदंड आहे. गुणाकार केला, तर दिवसाला सुमारे १२.८५ कोटी लिटर आणि वर्षाला सुमारे ४,६९० कोटी लिटर लागतात. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर. तेव्हा सोलापूरची वर्षभराची गरज अंदाजे १.६६ टीएमसी झाली. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातला निम्म्याहून अधिक भाग, जवळपास ६३ टीएमसी, मृतसाठा आहे, म्हणजे दरवाजे आणि कालव्यांतून जो आपोआप वाहून येत नाही असा तळाचा साठा. तरीही शहराचा घास एकूण क्षमतेच्या दीड टक्क्याहून कमीच भरतो. लोकसंख्या त्यानंतर वाढली आहे हे खरे, पण ती दुप्पट धरली तरी हा आकडा तीन टक्क्यांच्या आतच राहतो.

नदीतून पाणी आणण्याचा मार्ग मात्र उधळ्या आहे. दोन टीएमसीच्या गरजेसाठी नदीत त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावे लागते, कारण वाटेत ते मुरते, उन्हात उडते आणि काठावरच्या मोटारी ते उचलतात. उजनी ते सोलापूर दररोज १७ कोटी लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी आखली गेली ती याचसाठी. धरणातले पाणी थेट नळीतून आले तर नदीत सोडायची गरज उरत नाही.

परंतु मोठी नळी शहराच्या वेशीपर्यंतच येते. तिथून पुढे टाक्या किती आहेत, त्या भरायला किती वेळ लागतो, १९९२ च्या हद्दवाढीनंतर आत आलेल्या बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव अशा भागांत वितरणाचे जाळे किती पोहोचले आहे, जुन्या गावठाणातल्या नळ्या किती गळतात, यावर चार दिवसांची पाळी एक दिवसावर येणार की नाही हे ठरते. विहिरीला पाणी भरपूर असून पोहऱ्याला भोके असतील, तर दोर लांब करून उपयोग होत नाही.

पाळीने पाणी देण्याची पद्धत स्वतःच गळती वाढवते, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. नळी रिकामी झाली की तिच्यात बाहेरच्यापेक्षा कमी दाब तयार होतो आणि सांध्यांतून आजूबाजूचे घाण पाणी आत ओढले जाते. पाच दिवसांनी पाणी सोडल्यावर आत अडकलेली हवा आणि अचानक आलेला दाब त्याच सांध्यांना पुन्हा धक्का देतो. नळाला पहिली दहा मिनिटे येणारे गढूळ पाणी हा त्याचाच परिणाम. घरातला प्रत्येकजण मग मोटार लावतो, आणि ज्याची मोटार मोठी त्याच्याकडे पाणी जाते. पाच माणसांच्या घराला पाच दिवसांसाठी १३५ लिटरच्या हिशेबाने ३,३७५ लिटर साठवावे लागतात. जुळे सोलापुरातल्या बंगल्याला तेवढी टाकी असते. नीलम नगरच्या दोन खोल्यांच्या घरात माग, कांड्या आणि माणसे यांच्यामधून उरलेल्या जागेत किती पिंपे मावणार? त्या पिंपांतच डेंग्यूचे डास वाढतात आणि आरोग्य खात्याचे कर्मचारी 'कोरडा दिवस पाळा' असे सांगत फिरतात. पाळीच्या पाण्याची खरी किंमत अशी घराघरात, आणि तीही गरिबाकडून अधिक, वसूल होते. ती महापालिकेच्या कोणत्याही वहीत चढत नाही.

महापालिकेला जमत नाही, तर कंपनीला का देऊ नये?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि महाराष्ट्रात त्याची प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे. तिचे निकाल एकसारखे नाहीत, आणि माझ्या मते शिकण्यासारखे जे आहे ते त्या फरकात आहे.

नागपूरने २०१२ मध्ये संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा पंचवीस वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे चालवायला दिला. मालमत्ता महापालिकेचीच राहिली. चोवीस तास पाण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, बऱ्याच भागांत सुधारणा झाली, आणि बिलांवरून, मुदती हुकल्यावरून वादही झाले. ते आजही संपलेले नाहीत. आजच्या छत्रपती संभाजीनगरने मात्र २०१४ मध्ये दिलेला ताबा २०१६ मध्ये करार रद्द करून परत घेतला. तिथल्या योजनेचे लोकांच्या तोंडी असलेले नावही 'समांतर' हेच होते, हा निव्वळ योगायोग. लातूरमध्ये खासगी व्यवस्थापनाचा प्रयत्न नागरिकांच्या विरोधाने बारगळला. पुढे २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मालक कोणीही असो, धरणात नसलेले पाणी तो नळाला आणू शकत नाही.

विजेत भिवंडीचे उदाहरण वारंवार दिले जाते, आणि ते यंत्रमागाचे गाव असल्याने आपल्याला जवळचे आहे. २००७ मध्ये तिथले वितरण फ्रँचायझीकडे गेले आणि वीजगळती मोठ्या प्रमाणात घटली. मग तोच कित्ता गिरवायला २०११ मध्ये नागपूरचा काही भाग, औरंगाबाद आणि जळगाव इथे फ्रँचायझी नेमल्या गेल्या. औरंगाबाद आणि जळगावच्या काही वर्षांतच संपल्या, नागपूरची २०१९ मध्ये संपली, आणि तिन्ही ठिकाणी महावितरणला कारभार पुन्हा हाती घ्यावा लागला.

एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, एकाच प्रकारचा करार एका गावात टिकतो आणि तीन गावांत मोडतो. याचा अर्थ 'खासगी' हा शब्द स्वतः काहीच सिद्ध करत नाही. करारापूर्वी नेमकी गळती किती होती हे मोजलेले होते का, दुरुस्तीत पैसा कोण घालणार हे ठरले होते का, आणि करार मोडणाऱ्याला विचारण्याइतके जाणकार अभियंते मालकाकडे उरले होते का, यावर निकाल लागतो. शेवटची अट सर्वांत दुर्लक्षित आहे. ज्या महापालिकेला स्वतः पाणीपुरवठा चालवता येत नाही, तिला तो दुसऱ्याकडून नीट चालवून घेणेही जमत नाही, कारण मजुरीवर विणलेले कापड तपासायला मालकाला विणकाम कळावे लागते.

दिलेले परत घेता येते का?

येते, पण स्वस्तात नाही. पॅरिस शहराने १९८५ पासून सीन नदीच्या दोन काठांवरचे पाणीवाटप दोन खासगी कंपन्यांकडे दिले होते. करारांची मुदत संपताच २०१० मध्ये शहराने ते स्वतःच्या संस्थेकडे घेतले आणि २०११ मध्ये दर आठ टक्क्यांनी कमी केले. नफ्याचा वाटा बाहेर जाणे थांबले, हे त्याचे एक सरळ कारण. इथे महत्त्वाची गोष्ट अशी की पॅरिसने मुदत संपण्याची वाट पाहिली.

वाट न पाहणाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅक्रमेंटोच्या मतदारांनी आपली स्वतःची वीजसंस्था असावी असा कौल १९२३ मध्ये दिला. खासगी कंपनीशी न्यायालयीन लढा देत प्रत्यक्ष वीजपुरवठा हाती यायला १९४६ चा डिसेंबर उजाडला. ती संस्था आज तिथल्या लोकांच्या अभिमानाचा विषय आहे. कोलोरॅडोतील बोल्डर शहराने मात्र सुमारे दहा वर्षे प्रयत्न करून २०२० मध्ये तो नाद सोडला. खांब, तारा आणि उपकेंद्रे यांची किंमत किती, हाच वाद अशा ठिकाणी वर्षानुवर्षे चालतो. आपल्याकडे जलवाहिन्या अजून महापालिकेच्याच नावावर आहेत, तेव्हा ही कटकट आपल्या वाट्याला आलेली नाही. हातचे देण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

कंपनी म्हटले की खासगीच का?

नाही, आणि या एका गैरसमजामुळे बराच गोंधळ होतो. महावितरण ही कंपनी आहे, पण ती राज्य सरकारच्या मालकीची आहे. २००५ मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन ती निर्माण झाली. स्मार्ट सिटी योजनेत २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर निवडले गेले, तेव्हा त्यासाठी स्थापन झालेली कंपनीही सार्वजनिक मालकीचीच आहे, राज्य आणि महापालिका यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची.

अशा सार्वजनिक कंपनीचा फायदा म्हणजे तिची वही वेगळी असते. एकत्र कुटुंबात कर्त्याच्या एकाच डब्यात सर्वांची कमाई पडली, की कोणाच्या शिक्षणाचा पैसा कोणाच्या लग्नात गेला हे कळत नाही. महापालिकेत पाणीपट्टीचा पैसा असाच पगारात, रस्त्यांत, निवृत्तिवेतनात मिसळतो. ओडिशातील पुरी शहरात जुलै २०२१ पासून नळाचे थेट पिण्यायोग्य पाणी चोवीस तास मिळते, आणि ते देणारी संस्था राज्याच्या पूर्ण मालकीची, वेगळ्या हिशेबाची कंपनी आहे. मीटर वाचणे, बिल देणे आणि तक्रार ऐकणे ही कामे तिथे बचत गटांतील महिला करतात. तोटा असा, की कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठका नगरसेवकांच्या सभागृहाबाहेर होतात आणि निर्णय लोकांच्या नजरेआड जाण्याची शक्यता वाढते. वेगळी वही हवी, बंद दार नको, एवढा समतोल साधता आला तर हा मार्ग मला सर्वांत आशादायक वाटतो.

मग वीजही शहराने स्वतःच चालवावी का?

केरळात त्रिशूर महापालिका स्वतः वीज वितरित करते आणि त्या राज्यात असे करणारी ती एकमेव स्थानिक संस्था आहे. मुंबईचे 'बेस्ट' ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेच्या मालकीचे झाले आणि शहराच्या जुन्या भागाला आजही वीज देते. विजेच्या कमाईवर बसचा तोटा भरून काढायचा, हे गणित तिथे अनेक वर्षे चालले. जर्मनीतल्या कित्येक शहरांत वीज, पाणी, गॅस आणि बस एकाच नगरसंस्थेकडे असण्यामागे हाच विचार आहे. उलट अहिल्यानगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा परवाना २०११ मध्ये संपला आणि तिचे ग्राहक महावितरणकडे गेले.

सोलापूरपुरते बोलायचे, तर ज्या संस्थेला आधीच्या सेवा पेलवत नाहीत तिने आणखी एक खांद्यावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शहराने विजेचा ग्राहक म्हणून मात्र जागे राहावे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला किमान ०.२७ युनिट वीज लागते, पंप आणि मोटारीतील घट धरता सुमारे ०.४ युनिट. शंभर किलोमीटर नळीतले घर्षणही चढासारखेच वीज खाते. आधीच्या हिशेबातल्या रोजच्या १२.८५ कोटी लिटरसाठी दर शंभर मीटरमागे रोज पन्नास हजारांहून अधिक युनिट झाले. त्यातले जे पाणी वाटेत गळते, त्याची वीजही गळते. जुने पंप बदलणे आणि गळती शोधणे हे त्यामुळे वीजबिल कमी करण्याचेच उपाय आहेत.

पाणी हा हक्क आहे, मग पैसे कशाला?

हक्क आहे म्हणूनच ते सर्वांना पुरायला हवे, आणि पंप हक्कावर चालत नाहीत. प्रश्न पैसे घ्यावेत की नाही असा नसून कोणाकडून किती घ्यावेत असा आहे. सध्या बहुतेक घरगुती नळांना मीटर नसून वर्षाची ठोक पाणीपट्टी आहे. चार-पाच दिवसांच्या पाळीने वर्षात त्र्याहत्तर ते एक्क्याण्णव वेळा पाणी येते आणि पट्टी ३६५ दिवसांची भरावी लागते, ही नागरिकांची तक्रार रास्त आहे. पण ठोक पट्टीतला दुसरा अन्याय बोलला जात नाही : दोन बादल्यांत भागवणारी विडी कामगार बाई आणि रोज गाडी धुणारा बंगलेवाला एकाच आकाराच्या नळासाठी सारखेच पैसे देतात.

कराडजवळच्या मलकापूरने यावर काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. त्या छोट्या गावाने स्वतःच्या मालकीत, मीटर बसवून, चोवीस तास पाणी देऊन दाखवले. दर पायरीपायरीचा ठेवला : गरजेपुरते वापरणाऱ्याला कमी आणि उधळणाऱ्याला चढत्या भावाने. चोवीस तास पाणी दिले तर लोक जास्त वापरतील ही भीती तिथे खरी ठरली नाही, कारण उद्याही पाणी येणार हे ठाऊक असलेला माणूस शिळे पाणी ओतून देऊन पिंप पुन्हा भरत नाही.

मीटरला विरोध होईल हे उघड आहे. विजेच्या स्मार्ट मीटरना झालेला विरोध ताजा आहे. पण आधी मीटर आणि मग पाणी असा क्रम ठेवला, तर तो विरोध योग्यच ठरेल, कारण कोरड्या नळाचा मीटर हवा मोजून फिरतो. एखाद्या टाकीखालच्या भागाला आधी रोज पाणी द्यावे आणि मग त्याच भागात मीटर लावावेत, हा क्रम लोकांना पटण्याजोगा आहे.

आपली महापालिका, पण जाब विचारायचा कोणाला?

लोकमालकीच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत मोठा युक्तिवाद असा, की नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येते, कंपनीला नाही. तो खरा आहे, पण अपुरा आहे. २०२२ पासून काही वर्षे राज्यातल्या इतर अनेक शहरांप्रमाणे सोलापूरचा कारभारही प्रशासकाकडे होता. त्या काळात मालकी शहराची होती आणि जाब विचारणारे सभागृह नव्हते. ज्या नगरपालिकेने एप्रिल १९३० मध्ये, देश पारतंत्र्यात असताना, आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला, तिच्या वारसांनी हे निमूटपणे पाहिले, याचे वाईट वाटते.

जाब विचारायची एक तारीख कायद्यानेच ठरवून दिली आहे. पुढच्या वर्षीचे कर आणि दर महापालिकेने २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करायचे असतात, आणि अंदाजपत्रक मार्चअखेरपर्यंत संमत व्हायचे असते. त्या जाडजूड पुस्तकात पाणीपुरवठ्याच्या शीर्षाखाली पाणीपट्टीची मागणी किती, प्रत्यक्ष वसुली किती आणि पंपांचे वीजबिल किती, हे तीन आकडे वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले असतात. ते एका कागदावर शेजारी-शेजारी मांडून आपल्या प्रभागाच्या नगरसेवकासमोर ठेवायला अर्धा तास पुरतो, आणि पुढच्या पाळीला पाणी येईपर्यंत आपल्याकडे तेवढा वेळ असतोच.